प्रिन्सिपॉलांच्या दारातली म्हैस

"ओ वैनी! पातेलं आणा, पातेलं! चंद्रीनं पान्हा सोडलाय! आता ही कुणाच्या बापाचं ऐकायची न्हाय!"

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या त्या झोपाळू गल्लीत माझे धाकटे चुलते, म्हणजे आमचे तात्या, सकाळी सकाळी असे ओरडले की तारेवरचे कावळे उडाले, समोरच्या ओट्यावर दाढी करत बसलेल्या गृहस्थांचा वस्तरा गालावरून घसरला आणि तिकडं इचलकरंजीशेजारच्या कबनुरात चालते माग क्षणभर थबकले. कबनूरची माणसं हे अजून सांगतात. ती सांगत नसली तर मी सांगतो.

ज्या दारात ते ओरडले ते दार होतं एका कॉलेजच्या प्रिन्सिपॉलांचं. दारावर पितळी पाटी, पाटीवर नाव, नावापुढं पदव्यांची अशी रांग की शेवटच्या दोन पदव्या भिंतीवर यायच्या राहिल्या होत्या. पायरीला लागून आमची म्हैस. तिच्या बुडाशी उकिडवे बसलेले तात्या. आणि मागं, रेडकाची दोरी धरून, डोक्याला चपचपीत तेल लावलेला, त्या कॉलेजात सायन्सला जायची आस लागलेला मी. प्रिन्सिपॉलांच्या बाई पदर सावरत पातेलं घेऊन धावत आल्या. धारा पडायला लागल्या. आधी तळावर ठण्ण, मग चुर्र, मग फेसात बुडालेला घुमा आवाज. तो आवाज ऐकताना मला वाटायचं, ही धार पातेल्यात पडत नाही, माझ्या ॲडमिशनच्या अर्जावर पडते आहे.

जून आला की हा आवाज मला अजून ऐकू येतो. यंदा जरा जास्तच येतोय, कारण नात दहावी झाली. घरात सगळे मोबाईलभोवती बसलेत. पसंतीची कॉलेजं क्रमानं भरायची, मग वाट बघायची. स्क्रीनवर एक चकरी फिरते, फिरतच राहते. माझा मुलगा तिच्याकडं असा बघतो जसा आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, देव्हाऱ्याकडं बघायचे. नात म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी चान्स वाढवायला काय करायचे?"

"म्हैस न्यायचो."

ती हसली. तिला वाटलं, म्हाताऱ्यानं नेहमीसारखी थाप मारली. माझ्या थापांचा लौकिकच असा आहे की कधी खरं बोललो तरी लोक टाळी द्यायला हात पुढं करतात. पण मी विचार करत राहिलो, आता म्हैस न्यायची म्हटली तरी कुणाच्या दारात न्यायची? त्या चकरीला दार कुठं असतं? निदान आमच्या वेळी पायरी तरी होती.

त्या वेळी मॅट्रिक अकरावीला असायची. रिझल्ट लागला की मंगळवार पेठेत एकच प्रश्न. किती पडले? न्हावी हजामत अर्ध्यावर थांबवून विचारायचा. देवळातला पुजारी तीर्थ देता देता विचारायचा. एका पावण्यानं तर स्मशानातनं परतताना, खांद्यावर ओला पंचा असताना विचारलं होतं. घरात कोटाचा दमट वास, चुलीवर वाळत घातलेले पायमोजे, मागच्या गोठ्यातून येणारा भिजवलेल्या सरकी पेंडीचा आंबूस दरवळ, आणि या सगळ्यात मधूनच कुणाच्या तरी पेढ्यांचा वास. पेढे नेहमी दुसऱ्याचेच असायचे.

माझे मार्क काठावरचे होते. काठावरचे मार्क म्हणजे काय हे ज्याला पडले त्यालाच कळतं. नापासाला एक मोकळेपणा असतो. तो गुळाच्या गाडीवर जातो, तालमीत जातो, सुखी होतो. पहिल्या वर्गातल्याला हार पडतो. काठावरचा मात्र रोज उठून काठाकडंच बघत बसतो. पाणी थोडं चढलं की बुडाला, उतरलं की वाचला, आणि पाणी काही त्याच्या हातात नसतं.

त्यातून मला हवं होतं ते एकच कॉलेज. का, ते सांगतो. शाळेनं एकदा तिथलं विज्ञान प्रदर्शन दाखवायला नेलं होतं. रसायनाच्या प्रयोगशाळेत एका सरांनी नळी फिरवली, काडी लावली, आणि निळी ज्योत उभी राहिली. धूर नाही, ठिणगी नाही, आवाज म्हणाल तर मांजर घोरावं एवढा. आमच्या घरी चूल पेटवताना आईचे डोळे असे लाल व्हायचे की लोक विचारायचे, कोण वारलं? आणि इथं ही ज्योत, जणू कुणी आकाशाची एक चिंधी फाडून नळीला बांधली आहे. मग सरांनी काचेच्या नळीत थेंब थेंब काहीतरी टाकलं आणि नितळ पाणी एकाएकी गुलाबी झालं. बाकीची पोरं पुढच्या टेबलावरचा सांगाडा बघायला पळाली. मी तिथंच. मास्तरांनी कान धरून बाहेर काढलं तेव्हा कान बाहेर आला, मी आतच राहिलो. डॉक्टर, इंजिनिअर असलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मला रोज त्या ज्योतीपुढं उभं राहायचं होतं, बस्स.

मग सुरू झाले उपाय. आईनं अंबाबाईची ओटी भरली आणि मंगळवार धरले. आण्णा कचेरीत कारकून. आयुष्यात त्यांनी कुणाकडं कधी काही मागितलं नव्हतं, त्यामुळं मागायचं कसं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कोटाला इस्त्री केली आणि तो खुंटीला लावून त्याच्याकडं बघत बसले. बिद्रीहून मामा आले. ते तिथल्या साखर कारखान्यात कामाला, त्यामुळं चार मोठी माणसं आपल्या खिशात आहेत असा त्यांचा समज. "काळजी सोडा. मी शब्द टाकतो," म्हणाले. मामांनी टाकलेला तो शब्द अजून हवेत आहे. कधी कुणाच्या डोक्यात पडला तर कळवा.

आणि मग तात्यांनी विचारलं, "त्या प्रिन्सिपॉल सायबाच्यात दूध कुणाचं जातंय?"

आमच्या गोठ्यात तेव्हा चंद्री होती. तिच्याबद्दल मी जे सांगेन ते कमीच पडेल. शिंगं अशी रुंद की गल्लीत ती शिरली की सायकलवाले उतरून भिंतीला पाठ लावायचे. अंग तेल पाजलेल्या ढालीसारखं. दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून तात्या तिला पळवायचे, तेव्हा तात्या पुढं आणि त्यांच्या एका हाकेवर ती मागं, असा तो सोहळा बघायला लोक माड्यांवर चढायचे. दूध? एकदा तिचा पान्हा आवरेना तेव्हा शेजारणीनं हंडा लावला, मग घंगाळ लावलं, शेवटी बंबाचं झाकण उघडलं.

"किटलीतनं गुपचूप नेऊन देत जा," आण्णा हळू आवाजात म्हणाले. "कुणाला कळायला नको."

तात्या असे बघायला लागले जसं काही आण्णांनी त्यांना लुगडं नेसायला सांगितलं होतं. "किटलीतनं? आण्णा, किटलीतलं दूध कोण मानतंय का कोल्हापुरात? पाणी घातलेलं म्हणत्यात. म्हस दारात न्यायची, मालकिणीम्होरं पिळायची, फेसासकट द्यायचं. त्याला दूध म्हणत्यात. आपण काय चोरी करायलोय व्हय?"

आता यात घोटाळा असा होता की आपण जे करत होतो ते थोडंफार तसंच होतं. पण हा मुद्दा तात्यांच्या डोक्यात शिरायला जागा नव्हती, आणि आण्णांच्या घशातून बाहेर पडायला वाट नव्हती. दुसऱ्या गावातली माणसं असलं काही करायचं तर मागच्या दारानं, अंधारात, कापडाखाली झाकून करतात. आमच्या गावात दूध द्यायचं म्हणजे ते चारचौघांत, साक्षीदारांसमक्ष द्यायचं. लपवून दिलेल्या दुधाला इज्जत नाही. त्या गल्लीचा गवळी तात्यांचा तालमीतला जोडीदार निघाला. "म्हैनाभर ते एक घर मला सोड," तात्यांनी सांगितलं. त्यानं सोडलं.

मग रोज सकाळी मंगळवार पेठेतून आमची मिरवणूक निघायची. पुढं तात्या, मध्ये चंद्री, मागं रेडकू, रेडकामागं मी. तात्या आधीच बोलघेवडे. धार काढताना तर त्यांची जीभ हातापेक्षा जोरात चालायची. आणि बोलायचे ते चंद्रीशी, पण अशा आवाजात की शेवटच्या घरातल्या आजीबाईंनाही कान टवकारावे लागू नयेत.

"उभी ऱ्हा बाई, उभी ऱ्हा. आपला दिनू सायन्सला जाणार हाय. ह्याच सायबांच्या कॉलेजात! गणितात असं मार्क पडल्यात पोराला, मास्तरनं दोनदा पेपर तपासला. मग दे की जरा सोडून, कशाला आखडतीस?"

गल्ली बाहेर यायची. कुणी दात घासत, कुणी वर्तमानपत्र धरून. एक बाई पातेलं घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आमच्यात पण घाला की रतीब."

"न्हाय वैनी," तात्या मान हलवून म्हणाले, "हे दूध फक्त सायबांचं."

मी जमिनीकडं बघायचो. जमीन फाटत नव्हती. रेडकू माझा शर्टाचा कोपरा चघळायचं.

कधी आतून तान्ह्या पोराचं रडणं ऐकू यायचं, कधी प्रिन्सिपॉल खिडकीत दिसायचे. बारीक अंगाचे, कोकणातले, आवाज असा हळू की वर्गात पहिल्या बाकाच्या पुढं जात नसावा. एकदा ते पायरीवर आले, रेडकाकडं बघितलं, मला म्हणाले, "केवढं झालं हे?"

"तीन म्हैन्याचं, सर."

"गोड आहे," म्हणाले आणि आत गेले.

त्या दिवशी आमच्या घरात या वाक्याचं जे पोस्टमॉर्टेम झालं ते कुठल्या सरकारी दवाखान्यात झालं नसेल.

"हसलं का?" आईनं विचारलं.

"थोडं."

"कुणाकडं बघून? तुझ्याकडं का रेडकाकडं?"

"मधी कुठंतरी."

"मग झालं तुझं," आई म्हणाली आणि देवापुढं साखर ठेवली. आण्णांनी कोटाला पुन्हा इस्त्री केली. मी रात्रभर निळी ज्योत बघत पडलो. आशेला काय लागतं? प्रिन्सिपॉलांना शिंक आली असती तरी आम्ही ती आमच्याच बाजूला मोजली असती.

आज नातीच्या मागं उभा राहून ती चकरी बघताना मला त्याच सकाळी आठवतात. वाट बघणाऱ्याचा चेहरा बदललेला नाही. तेव्हा आम्ही एका माणसाच्या भुवया वाचत होतो, आता ही पोरं एका पेटीचं गप्प राहणं वाचतात. फरक असलाच तर एवढा की त्या माणसालाही आमच्यासारखीच वाट दिसत नव्हती, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

ते कळलं ते असं. कॉलेजच्या फळ्यावर नावं लागली, आणि माझ्या मार्कांच्या जरा वरतीच ती संपली. मी फळ्याला नाक लावून उभा, मागून ढकलाढकली, छत्र्यांचं पाणी मानेवर. पण शिपाई म्हणाला, काठावरच्या पोरांसाठी थोड्या जागा सरांच्या हातात असतात, पालकांना घेऊन भेटा. आण्णांचा कोट अखेर खुंटीवरून उतरला.

खोलीत शिरलो. भिंतीवर घड्याळ, टेबलावर हिरवं कापड, वर पंखा. मी सगळी सूत्रं पाठ करून गेलो होतो. पाण्याचं, मिठाचं, सगळ्या आम्लांची. प्रिन्सिपॉलांनी चष्मा काढला, माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "तू रेडकू धरतोस तोच ना?"

सगळी आम्लं त्या क्षणी उडून गेली.

"होय, सर."

ते बराच वेळ टेबलावरच्या कापडाची सुरकुती सरळ करत राहिले. मग आण्णांना म्हणाले, "तुम्हाला स्पष्ट सांगतो. यातली एक जागा मी याला द्यायची ठरवली होती. गणिताचे मार्क बघून. हा अर्ज म्हशीवाल्यांच्या पोराचा, ते मला तेव्हा माहीतही नव्हतं. मला वाटायचं, आमच्या नेहमीच्या गवळ्याचा कुणी भाऊबंद असेल. पैशाचं विचारलं की ते म्हणायचे, द्या की सावकाश."

आण्णांनी मान हलवली. त्यांना पहिली दोन वाक्यं ऐकू आली होती, पुढचं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला होता. तो उजेड बघून प्रिन्सिपॉलांनी मान खाली घातली.

"परवापासून माझ्याकडं पालक येताहेत. प्रत्येक जण एकच म्हणतो, म्हशीवाल्यांचं तर झालं म्हणे. संस्थेतल्या लोकांच्याही कानावर गेलंय. आमच्या गल्लीनं तर याचा प्रवेश महिन्यापूर्वीच करून टाकलाय."

"सायेब," आण्णा म्हणाले. "दुधाचा आन ह्याचा काय संबंध न्हाय."

"मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे." प्रिन्सिपॉल म्हणाले. "आता याला घेतलं तर बाकीच्या पोरांच्या बापांना मी काय सांगू? आणि उद्या हाच वर्गात बसला की चार पोरं याला काय म्हणतील?"

पंखा फिरत होता. त्याचं एक पातं थोडं वाकडं होतं, दर फेरीला टक् करायचं. आम्ही तिघं ते ऐकत बसलो. मला वाटलं, आण्णा आता काहीतरी बोलतील. आण्णांना वाटलं असेल, सर बोलतील. सरांना बहुधा वाटत असेल, आम्ही उठावं.

"म्हैस आणली नसती तर?" मी विचारलं. कुठून आवाज फुटला कोण जाणे.

त्यांनी चष्मा घातला आणि म्हणाले, "आर्ट्सचे प्रवेश अजून चालू आहेत. तिथं तुला अडचण यायची नाही."

उठताना त्यांनी आण्णांना थांबवलं. "दुधाचे पैसे मात्र घेत चला. बंद करा म्हणून सांगणार होतो, पण घरात दुधावरून माझं काही चालत नाही."

मी पुढं बरीच वर्षं रागवायला कुणीतरी शोधत होतो. प्रिन्सिपॉलांवर रागवावं तर त्या माणसानं मला माझ्या मार्कांवर आधीच निवडलं होतं. आण्णांवर रागवावं तर त्यांनी किटली सुचवली होती. गल्लीवर रागवावं तर गल्लीनं तेवढंच सांगितलं जेवढं आम्ही रोज सकाळी ओरडून सांगत होतो. राहिले तात्या. पण ज्यानं माझ्यासाठी आपली सगळ्यात लाडकी म्हैस महिनाभर अर्धं गाव फिरवली त्याच्यावर राग धरायचा तर धरायचा कुठल्या हातानं? इतका निरुपयोगी राग देवानं कुणाला दिला नसेल. मी आर्ट्सला गेलो, इतिहास घेतला, शाळेत मास्तर झालो. लढाया छान रंगवायचो. माझ्या वर्गात तोफांचा धूर असा व्हायचा की शेजारच्या वर्गातली पोरं खोकायची. मधल्या सुट्टीत मात्र पाय आपोआप प्रयोगशाळेकडं वळायचे. तिथले मास्तर म्हणायचे, "या की आत." मी दारातूनच बघायचो. ज्योत निळी होती. तेवढं बघून परत यायचो.

त्या दिवशी कॉलेजातून घरी येईपर्यंत आण्णा एक शब्द बोलले नाहीत. घरात पाय ठेवल्यावर जे बोलले ते मात्र पंचगंगेच्या पल्याड ऐकू गेलं असेल. जन्मभर साठवलेला आवाज होता तो. "तुझ्या म्हशीनं खाल्लं पोराचं कॉलेज! कोण सांगितलं हुतं तुला गल्लीत तमाशा करायला?"

"मी आत्ता जातो!" तात्याही उभे राहिले. "गल्लीत हुबा ऱ्हातो आन वरडून सांगतो, सायबाचा काय दोष न्हाय, दूध फुकट न्हवतं, आमचं पोरगं हुशार हाय! आख्ख्या राजारामपुरीत दवंडी देतो!"

"बस खाली!" आण्णा ओरडले. आणि मग एकदम त्यांचा आवाज संपला. "बस बाबा. आता काय सांगू नको कुणाला."

तात्या बसले. मी त्यांना गप्प बसलेलं त्याआधी कधी बघितलं नव्हतं. गुडघ्यावर हात ठेवून ते माझ्याकडं बघत राहिले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना, पण त्यांच्याकडं हळू बोलायला आवाजच नव्हता. त्या संध्याकाळी घरात कुणी कुणाला जेवायला हाक मारली नाही, तरी सगळे ताटावर आले, आणि ताटं होती तशी उठली.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मला गोठ्यातल्या साखळीचा आवाज आला. उठून मागं गेलो. तात्यांनी चंद्रीला बाहेर काढलं होतं. रेडकाची दोरी आज त्यांनीच आपल्या मनगटाला गुंडाळली होती. मला हाक मारली नव्हती.

"तात्या, कुठं?"

"राजारामपुरीत."

"आता कशाला? संपलं की सगळं."

त्यांनी चंद्रीच्या पाठीवरची ओली काडी उचलून टाकली.

"त्यांच्यात बाळंतीण हाय," ते म्हणाले.